काचेवर कोरलेले खेळ: सीमाभागातल्या एलसीडी गेमचा आढावा

एखादी वस्तू दुर्मिळ कधी होते, याचे उत्तर संग्राहक सहसा कारखान्याच्या आकड्यांत शोधतात. किती नग निघाले, किती विकले गेले, त्यातले किती खोक्यासकट उरले. एलसीडीच्या पडद्यावर चालणाऱ्या जुन्या इलेक्ट्रॉनिक खेळांना हा हिशेब अर्धाच लागू पडतो. जेमतेम दहा हजार नग निघालेली एक जपानी गेम आज जगभरच्या कपाटांत काळजीने जपली जाते, तिची छायाचित्रे आणि आतल्या चिपची प्रत सुरक्षित आहे. उलट आपल्याकडे घरोघरी पोहोचलेली ब्रिक गेम चालू अवस्थेत हवी म्हटली, तर शोधत फिरावे लागते.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यासाठी हा प्रश्न नव्याने मांडायला हवा. इथे कोणते खेळ आले, कोणत्या वाटेने आले, कोणते आलेच नाहीत, आलेले का टिकले नाहीत आणि उरलेल्यांचे काय करावे, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आपल्या भागात खरी दुर्मिळ झाली आहे ती साधी, बिननावाची, हाताळून झिजलेली गेम. तिच्या काचेचे आयुष्य संपत आले आहे, आणि तिची नोंद करायला हाती असलेला वेळ फार थोडा आहे.

काच, द्रव आणि वीज

हे खेळ समजून घ्यायचे तर आधी त्यांचा पडदा समजून घ्यावा लागतो, कारण त्यांची सारी गंमत आणि सारे दुखणे त्या पडद्यातच आहे.

काचेच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्यांच्या आतल्या अंगाला वीज वाहून नेणारा पारदर्शक थर दिलेला असतो, आणि मधल्या केसापेक्षाही बारीक फटीत द्रवस्फटिक भरलेला असतो. बाहेरून दोन्ही बाजूंना एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म चिकटवलेली असते, तिला पोलरायझर म्हणतात. द्रवस्फटिकाचे रेणू दोन काचांमध्ये पीळ घेऊन रचलेले असतात आणि प्रकाशालाही तसाच पीळ देतात, म्हणून तो आरपार जातो. एखाद्या जागी वीज दिली की तिथल्या रेणूंचा पीळ सुटतो, प्रकाश अडतो आणि तेवढीच जागा काळी दिसते.

जुन्या गेममध्ये त्या पारदर्शक थराचे तुकडे चित्रांच्या आकारात कापलेले असत. माकडाचा उगारलेला हात, पडणारे अंडे, शिडीवरचा माणूस, प्रत्येकाची प्रत्येक अवस्था काचेवर आपल्या जागी कायमची कोरलेली असे. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या कमानीवर दिव्यांचा मोर पिसारा फुलवतो, तेव्हा मोर हलत नाही, ठरलेल्या जागचे दिवे पाळीने लागतात आणि विझतात. गेमच्या काचेवरचा माणूस तसाच धावतो. म्हणूनच त्या काळच्या खेळात हालचाल टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्याला एक ‘टिक’ वाजते. हात आणि कान त्या तालाला सरावले की खेळ जमला.

या विज्ञानाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच राज्यात आहे. द्रवस्फटिकाचा गुणधर्म १८८८ साली ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिक रायनित्झर यांच्या लक्षात आला. आज ओळखीची असलेली पीळदार रचनेची एलसीडी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी शोधली. त्यानंतर सात वर्षांनी, १९७७ साली, बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक बनतात हे दाखवून दिले. तोवर फक्त काडीसारखे लांबट रेणूच ही अवस्था घेतात असा समज होता. सी. व्ही. रामन यांचे भाचे असलेल्या चंद्रशेखर यांचे शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले होते. पुढे १९९१ साली त्यांनी बेंगळुरूत द्रवस्फटिक संशोधनाचे स्वतंत्र केंद्र उभे केले. जगातल्या अग्रगण्य द्रवस्फटिक प्रयोगशाळांपैकी एक कर्नाटकात होती आणि त्याच काळात कर्नाटकातल्या पोरांच्या हातातला एलसीडीचा खेळ मात्र परदेशातून यायचा. खेळण्यांच्या आपल्या इतिहासातली ही फट विसरण्याजोगी नाही.

हातातून टेबलावर: १९७६ ते १९९१

या खेळांचा जागतिक इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने १९७६ साली ‘ऑटो रेस’ काढली. हातात धरून खेळायची, पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक अशी ती पहिली गेम मानतात. तिच्यात एलसीडी नव्हती, लाल एलईडीचे ठिपके होते, आणि सारा खेळ ५१२ बाइटमध्ये बसवलेला होता. १९७९ साली जे स्मिथ यांनी आखलेली ‘मायक्रोव्हिजन’ मिल्टन ब्रॅडली कंपनीने बाजारात आणली. तिचा एलसीडी पडदा अवघ्या १६ गुणिले १६ ठिपक्यांचा होता, पण तिच्यात कार्ट्रिज बदलून खेळ बदलता येत असे. तिचा पडदा आपोआप काळा पडत जातो, म्हणून चालू अवस्थेतली मायक्रोव्हिजन आज फार अवघड सापडते.

खरी लाट आली १९८० साली. निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांनी शिंकानसेन गाडीत एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेले पाहिले आणि त्यातून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. २८ एप्रिल १९८० रोजी ‘बॉल’ ही पहिली ‘गेम अँड वॉच’ बाजारात आली. पडदा आणि चिप शार्प कंपनीची, कॅल्क्युलेटरच्या धंद्यातून आलेली. चिपमधला कार्यक्रम दोन-तीन किलोबाइटच्या आसपास, तालाला मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक आणि वीज बटण सेलची. खेळून झाले की तीच वस्तू घड्याळ म्हणून टेबलावर उभी राही. जुने, स्वस्त झालेले तंत्र वेगळ्या कामाला लावायचे, हा योकोईंचा विचार इथे पुरा उतरला. १९९१ पर्यंत साठच्या घरात प्रकार निघाले आणि जगभरात ४ कोटी ३४ लाख नग विकले गेले. १९८२ च्या ‘डॉन्की काँग’ला दोन पडदे होते आणि अंगठ्याने चार दिशांना दाबायचे अधिक-चिन्हाचे बटण पहिल्यांदा तिच्यावर आले. आजच्या बहुतेक गेम-कंट्रोलरवर तसे बटण असते.

टेबलावर ठेवून खेळायच्या गेमची शाखा इथूनच फुटते आणि संग्राहकांचा जीव सर्वांत जास्त तिच्यात अडकलेला असतो. आर्केडच्या मोठ्या यंत्राची ती छोटी प्रतिकृती, दोन्ही हात मोकळे ठेवणारी, समोर बसून खेळायची. अमेरिकेच्या कोलेको कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पॅक-मॅन’, ‘गॅलॅक्सियन’, ‘डॉन्की काँग’, ‘फ्रॉगर’ अशा गेम या रूपात काढल्या. त्यांचे पडदे एलसीडीचे नव्हते. निर्वात काचेत स्वतः उजळणारे हिरवे-लाल पडदे होते ते. अंधारात सुंदर दिसत, पण चार जाड सेल भराभर संपवत.

निन्टेन्डोने १९८३ साली टेबलावरच्या चार गेम काढल्या: ‘डॉन्की काँग ज्युनिअर’, ‘मारिओज सिमेंट फॅक्टरी’, ‘स्नूपी’ आणि ‘पोपाय’. त्यांत रंगीत एलसीडी होती आणि तिच्यासाठी दिवा नव्हता. वरच्या झरोक्यातून खोलीतला उजेड आत यायचा, रंगीत काचेतून पार होऊन आरशावर पडायचा आणि आरशातले चित्र खेळणाऱ्याला दिसायचे. सेल वाचायचे आणि रंगही मिळायचा. मात्र उजेड कमी असला की खेळ दिसेनासा होई. हीच युक्ती घडी घालता येणाऱ्या ‘पॅनोरमा’ मालिकेतही वापरली गेली. जपानच्याच बांदाई कंपनीने १९८२ साली सौर पट्टीवर चालणाऱ्या एलसीडी गेम काढल्या, ज्यांना सेलच लागत नसत. वीज आणि सेल या दोन्हींची चणचण असलेल्या आपल्यासारख्या मुलखाला सर्वांत सोयीची अशी ही शाखा होती, आणि नेमकी तीच इथवर फारशी पोहोचली नाही.

रशियाचा दाखलाही इथे महत्त्वाचा आहे. निन्टेन्डोच्या १९८१ च्या ‘एग’ या खेळाची नक्कल तिथे १९८४ साली ‘एलेक्ट्रोनिका’ या नाममुद्रेखाली निघाली. मूळ पात्राच्या जागी तिथल्या लाडक्या ‘नु, पोगोदी!’ या व्यंगपटातला लांडगा आला. किंमत २५ रुबल. हजार गुण झाले की पडद्यावर अख्खा व्यंगपट दिसतो, अशी वदंता सोव्हिएत मुलांमध्ये पसरली होती. काचेवर कोरलेली चित्रेच दिसू शकत असल्याने ते शक्य नव्हते. पण देशी कारखाना असल्यामुळे तो खेळ एका पिढीची सामाईक आठवण बनला आणि आज तिथल्या संग्रहालयांत त्याला मानाची जागा आहे.

आपल्याकडच्या वाटा

ज्या १९८१ साली ‘एग’ बाजारात आली, त्याच साली निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी पुणे-बेंगळुरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते आणि त्या आंदोलनावर गोळीबार झाला. तंबाखूचा दर आणि विड्यांची मजुरी यांवर चालणाऱ्या घरांत परदेशी इलेक्ट्रॉनिक खेळण्याला जागा कुठून असणार? परवडणाऱ्या घरांपुढेही दुसरी अडचण होती. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर सरकारचे कडक निर्बंध होते. त्यातले शेवटचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले. तोवर अशी वस्तू दुकानातून रीतसर येण्याऐवजी माणसाच्या बॅगेतून येई.

सीमाभागाला अशा तीन वाटा होत्या. पहिली गोव्याची. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या गोव्यात परदेशी वस्तूंची सवय आधीपासून होती, आणि पुढे आखाती देशांत कामाला गेलेल्या गोवेकरांमुळे ती टिकली. चोर्ला आणि अनमोडच्या घाटाने बेळगावचा गोव्याशी रोजचा व्यवहार, त्यामुळे कॅसिओचे खेळाचे घड्याळ किंवा गेम असलेला कॅल्क्युलेटर इकडे येणे स्वाभाविक होते. कॅसिओच्या १९८० च्या एमजी-८८० या कॅल्क्युलेटरमध्ये अंकांवर गोळ्या झाडायचा खेळ होता. अभ्यासाची वस्तू म्हणून घेता येई आणि खेळणे म्हणून वापरता येई, म्हणून घरच्यांची हरकत कमी.

दुसरी वाट मुंबईची. चंदगड, गडहिंग्लज, आजरा आणि इकडच्या गावांतली माणसे गिरण्यांत नोकरीला होती. मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट या तिथल्या परदेशी मालाच्या बाजारांची नावे या पट्ट्यात घराघरांत माहीत होती. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी येणाऱ्या काकाच्या बॅगेत पुतण्यासाठी काय आहे, याची आधीपासून चर्चा चाले. तिसरी वाट कोल्हापूरची. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, बाजारहाट तिकडचा, आणि महामार्गावरच्या एसटीने तासाभराचा रस्ता.

या तिन्ही वाटांनी जे आले ते एकेकटे आले. ना खोके, ना पुस्तिका, ना पावती. ‘गेम अँड वॉच’ आली ती वाड्यातल्या एखाद्याच मुलाकडे, आणि बाकीचे पाळी लावून बसायचे. एक ‘लाइफ’ गेली की गेम पुढच्याच्या हातात. पडद्यावर मजकूर जवळजवळ नसे, फक्त चित्रे आणि आकडे. त्यामुळे मराठी घरातला आणि कन्नड घरातला मुलगा एकाच पायरीवर बसून एकच खेळ सारख्याच सहजतेने खेळत. दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा असावी यावरून ज्या बेळगावात मोर्चे निघतात, तिथे कोणाचीही भाषा न मागणारा हा खेळ होता. त्या पायरीवरच्या मैत्रीची नोंद कुठल्याच इतिहासात नाही, म्हणून ती इथे करतो.

ब्रिक गेमचे राज्य

एकेकट्या वस्तूंचा हा काळ संपला १९९० च्या दशकात, चिनी ब्रिक गेम आल्यावर. मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘टेट्रिस’ बनवला. १९८९ साली योकोईंच्या गटाच्या ‘गेम बॉय’बरोबर तो जगभर गेला. त्याचीच स्वस्त नक्कल म्हणजे ब्रिक गेम. हिच्या काचेवर चित्रे कोरण्याऐवजी १० गुणिले २० अशा सारख्या चौकटी होत्या. त्यामुळे एकाच काचेवर विटा रचता येत, गाडी पळवता येई, रणगाडा चालवता येई आणि साप वाढवता येई. खोक्यावर ‘९९९९ इन १’ असा आकडा असे. आत मोजकेच खेळ असत, वेग आणि पातळी बदलून तो आकडा भरलेला असे. तरीही मुलांना तो आकडा खरा वाटे आणि नवा खेळ सापडेल या आशेने ती शेवटपर्यंत बटण दाबत जात.

ही गेम मात्र सगळीकडे पोहोचली. बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत, निपाणीच्या बाजारात, यात्रा-उरुसातल्या खेळण्यांच्या पालांवर, पाण्यातल्या रिंगांच्या खेळाशेजारी ती लटकलेली दिसे. पेन्सिल सेलवर चालायची, म्हणजे रेडिओतले सेल काढून घालता येत. घड्याळवाल्याकडे बटण सेलसाठी जावे लागत नसे, आणि एवढ्यानेच तिचा गावोगाव प्रसार झाला. ज्या घरात टीव्हीला जोडायची ‘सामुराई’ किंवा ‘लिटल मास्टर’ येणे शक्य नव्हते, त्या घरातही ब्रिक गेम आली.

तिच्यावर बनवणाऱ्याचे नाव नसे. आतली चिप काळ्या इपॉक्सीच्या थेंबाखाली थेट सर्किटच्या पाटीवर बसवलेली असे, म्हणजे तिचा क्रमांकही दिसत नाही. पेटीचा आकार, बटणांचे रंग, सुरुवातीची धून, खेळांची यादी आणि पाटीवर छापलेली अक्षरे एवढ्याच खुणांवरून एक प्रकार दुसऱ्यापासून ओळखता येतो. निन्टेन्डोच्या प्रत्येक गेमची तारीख, क्रमांक आणि रंगभेद पुस्तकांत छापलेले आहेत. आपल्याकडच्या लाखो मुलांनी खेळलेल्या ब्रिक गेमचे तितके बारकाईने वर्गीकरण झालेले नाही.

मग मोबाइल आला. नोकियाने १९९७ साली ६११० या फोनमध्ये ‘स्नेक’ दिला आणि २००० च्या ३३१० नंतर तो आपल्याकडेही हातोहाती झाला. पडदा तोच एकरंगी एलसीडीचा होता, पण वेगळी गेम विकत घ्यायचे कारण उरले नाही. ब्रिक गेम माळ्यावर गेल्या, सेल आत तसेच राहिले.

दुर्मिळतेचे तीन प्रकार

या साऱ्या पसाऱ्यातून दुर्मिळतेचे तीन वेगवेगळे प्रकार दिसतात आणि ते एकमेकांत मिसळता कामा नयेत.

पहिला प्रकार थोड्या संख्येचा. १९८७ साली निन्टेन्डोने एका मोटार-शर्यतीच्या खेळाच्या स्पर्धेसाठी पिवळ्या पेटीतली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची गेम अँड वॉच बक्षीस म्हणून दहा हजार जणांना दिली. ती दुकानात कधीच विकली गेली नाही. अशा वस्तूची किंमत आणि कीर्ती दोन्ही मोठी, आणि म्हणूनच ती सुरक्षित.

दुसरा प्रकार टिकाऊपणाचा. मायक्रोव्हिजनसारख्या गेम भरपूर विकल्या गेल्या, पण त्यांच्या पडद्यांनी दगा दिला. टेबलावरच्या गेमचेही तसेच. वस्तू उरते, पण आरसा डागाळतो, सेलच्या खणाचे झाकण हरवते, रंगीत फिल्म उडते. चालू आणि पुरी अशी वस्तू मिळणे अवघड होते.

तिसरा प्रकार दुर्लक्षाचा. वस्तू पुष्कळ होती, स्वस्त होती, म्हणून कोणी ठेवली नाही. आपल्या ब्रिक गेम या प्रकारात मोडतात. त्यांना बाजारात भाव नाही आणि म्हणून राखणदारही नाही. पहिल्या प्रकाराची काळजी श्रीमंत संग्राहक घेतात, दुसऱ्याची कारागीर. तिसऱ्याची काळजी ज्या समाजाने ती वस्तू वापरली त्यालाच घ्यावी लागते.

वस्तू का मरते, आणि कशी वाचते

एलसीडीच्या गेमची दुखणी ठरलेली आहेत आणि त्यातली बरीच बरी होतात. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आत विसरलेले सेल. आपल्याकडचे स्वस्त पेन्सिल सेल झिंक-कार्बनचे, त्यांचा पाझर आम्लधर्मी असतो. तो पितळी पट्ट्या आणि पाटीवरचे तांबे खातो. त्यावर खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी कापसाच्या बोळ्याने लावून मग अल्कोहोलने पुसतात. अल्कलाइन सेलचा पाझर याच्या उलट स्वभावाचा असतो, त्याला सौम्य व्हिनेगर लागते. कोणता सेल होता ते न पाहता औषध लावले तर नुकसान वाढते.

दुसरे दुखणे पावसाचे. खानापूर आणि बेळगावकडच्या लांबलेल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते तशी ती पेटीच्या आतही जाते. पोलरायझर फुगतो, डाग पडतो, सुटतो. त्या फिल्मचे नवे ताव मिळतात. जुनी सावकाश खरवडून, काच साफ करून, योग्य कोनात नवी लावली की पडदा पुन्हा स्वच्छ दिसतो. कोन चुकला तर सगळे चित्र उलटे, म्हणजे काळ्यावर पांढरे दिसते.

तिसरे दुखणे जोडणीचे. काच आणि पाटी यांच्यामध्ये एक तर पट्टेरी रबर असते किंवा उष्णतेने चिकटवलेली पातळ रिबन. रबर अल्कोहोलने पुसून परत दाबून बसवले की गेलेले ठिपके बहुधा परत येतात. रिबन सुटली असेल तर तिच्यावर सिलिकॉनचा तुकडा ठेवून बेताच्या गरम लोखंडाने दाबतात. बटणाखालचा कार्बन झिजला असेल तर तोही नवा लावता येतो. काचच तडकली असेल, आतला द्रव पसरून काळा डाग धरला असेल, तर मात्र उपाय नाही. म्हणून काच सांभाळणे पहिले.

हे काम करणारे हात आपल्याकडे आहेत. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्त करत ज्यांनी आयुष्य काढले, असे कारागीर बेळगाव-निपाणीत अजून दुकान उघडतात. ‘चालू हाय काय बघ की’ म्हणून पुढे सरकवलेली वस्तू ते मीटर लावून पाहतात, डाख देतात, परत करतात. त्यांची मुले बहुतेक दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. गेम वाचवायच्या असतील तर आधी या माणसांकडून शिकून घ्यायला हवे, आणि शिकणाऱ्याने त्यांना त्या वेळेचा रास्त मोबदला द्यायला हवा.

जतनाचे आजचे प्रयत्न

जगात या क्षेत्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोठे काम झाले आहे. वस्तू आज ना उद्या बंद पडणार हे मान्य करून तिचा खेळ वेगळा वाचवायचा, अशी ही दिशा आहे. शॉन रिडल यांच्यासारख्या संशोधकांनी चिपवरचे कवच उतरवून, आतल्या रचनेची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन, तर कुठे विजेच्या चाचणीतून, मूळ कार्यक्रम जसाच्या तसा काढला. काचेवरच्या प्रत्येक चित्राचा आराखडा रेखाटून घेतला. या दोन्हींच्या आधारे ‘मेम’ या मुक्त सॉफ्टवेअरवर असे अनेक खेळ मूळ तालासह चालतात. इंटरनेट अर्काइव्हने २०१८ साली ‘हँडहेल्ड हिस्टरी’ या नावाने त्यांचा संग्रह सर्वांसाठी खुला केला. अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या स्ट्राँग संग्रहालयात खेळण्यांचा इतिहास म्हणून या वस्तू ठेवल्या आहेत. कंपन्यांनीही जुन्या नावांचे मोल ओळखले. २०२० साली निन्टेन्डोने ‘गेम अँड वॉच’ नाव पुन्हा बाजारात आणले, आणि हॅस्ब्रोने टायगर या नाममुद्रेच्या काही जुन्या एलसीडी गेम नव्याने काढल्या.

या प्रयत्नांना एक मर्यादा आहे. संगणकावर खेळ चालतो, पण तो कोणी, कुठे, कोणाच्या उसन्या सेलवर खेळला हे त्यात येत नाही. जपानी मुलाच्या आठवणीपेक्षा निपाणीच्या मुलाची आठवण वेगळी आहे आणि ती नोंदवण्याचे काम निपाणीलाच करावे लागेल.

आपल्या देशातले कायदे आणि धंदा या वस्तूंभोवती दोन बाजूंनी बदलत आहेत. २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाचा शिक्का नसलेली खेळणी विकता येत नाहीत. त्यामुळे बिननावाच्या स्वस्त गेमची जुनी आवक आटली. दुसऱ्या बाजूला, २०२२ च्या ई-कचरा नियमांत हातातल्या व्हिडिओ गेमचाही समावेश झाला आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पर्यावरणासाठी हे आवश्यकच आहे. पण याचा अर्थ असाही की माळ्यावरची गेम आता भंगारवाल्याकडून थेट पुनर्चक्रणाच्या कारखान्यात जाईल, आणि जाण्यापूर्वी तिचा फोटोही कोणी काढलेला नसेल.

पुणे-बेंगळुरू महामार्गावरच, बेळगाव आणि निपाणीच्या मध्ये हत्तरगीला, विमानाचे सुटे भाग बनवणारी एक्वस कंपनी आहे. तिनेच कोप्पळला ४०० एकरांवर खेळण्यांचा समूह उभा करायला घेतला. गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी, घाटाखालच्या सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, कोप्पळजवळची किन्नाळची कला, अशी खेळणी घडवण्याची परंपरा या मुलखाला आहेच. खेळणी बनवण्याचे नवे पर्व इथे सुरू होत असताना, आधीच्या पर्वातली इलेक्ट्रॉनिक खेळणी कशी होती हे इथल्या अभियंत्यांना हाताळून पाहता आले पाहिजे.

काय करता येईल

मला यासाठी मोठ्या निधीची किंवा नव्या इमारतीची गरज दिसत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभे आहे. अशा संस्थेत एक काचेचे कपाट आणि एक नोंदवही ठेवली तर सुरुवात होते. लोकांनी गेम आणून द्यावी, किंवा द्यायची नसेल तर दाखवून फोटो काढू द्यावा. नोंदीत पाच गोष्टी असाव्यात: वस्तूची पुढची, मागची आणि आतल्या पाटीची छायाचित्रे, ती कोणत्या वाटेने घरात आली, कोण खेळले, कधी बंद पडली, आणि आतले सेल काढले आहेत का. नोंदी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत घ्याव्यात, कारण खेळणारे दोन्हीकडचे होते.

दुसरे काम महाविद्यालयांचे. बेळगावात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, भोवती अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला जुनी एलसीडी गेम म्हणजे पूर्ण धडा आहे. चार बिटांची चिप, घड्याळाचा स्फटिक, पडद्याला लागणारी उलटसुलट वीज, सेलची काटकसर, सारे एका तळहातात. ब्रिक गेमचे प्रकार वेगळे करून त्यांची सूची बनवणे हा एखाद्या वर्षाचा उत्तम प्रकल्प होईल, आणि असे काम भारतभरच्या संग्राहकांना उपयोगी पडेल.

तिसरे काम घराघरातले आणि ते आजच करता येते. माळ्यावरची, ट्रंकेतली, शोकेसच्या खालच्या खणातली गेम बाहेर काढा आणि पहिल्यांदा तिचे सेल काढा. कोरड्या फडक्याने पुसून, पडद्यावर वजन येणार नाही अशी, उन्हापासून दूर ठेवा. चालते म्हणून तासन्‌तास खेळू नका, आणि चालत नाही म्हणून फेकूही नका.

दुर्मिळ गेमच्या मागे धावणाऱ्या संग्राहकांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यामुळेच या खेळांचे तंत्र, तारखा आणि नावे आज आपल्या हाती आहेत. पण त्यांच्या यादीत बेळगाव-निपाणी यायचे असेल, तर दहा हजारांतली एक जपानी गेम इथे आणून ते होणार नाही. इथल्या मुलांनी खेळलेली, इथल्या कारागिराने डाख दिलेली, झाकणाऐवजी रबर लावलेली एक ब्रिक गेम तिच्या पूर्ण हकिकतीसह नोंदली गेली, तर ती जगातल्या कुठल्याही संग्रहात नसलेली वस्तू ठरेल.